कोणता रस्ता बंद हाय?

“कोणता रस्ता बंद हाय, साहेब?”

दर गुरुवारी सकाळी, कचेरी उघडण्याआधी, ते आमच्या छापखान्याच्या खिडकीला सायकल टेकवत आणि आत न येता हा प्रश्न विचारत. गुरुवार यासाठी, की आमचे साप्ताहिक शुक्रवारी निघे आणि सरकारी सूचनांचे पान गुरुवारी जुळत असे. बांधकाम खात्याच्या सूचना माझ्या टेबलावर येत. कोणत्या पुलाचे काम निघाले, कुठे खडी पडली, कुठून कुठपर्यंत वाहतूक बंद, हे मला लोकांच्या एक दिवस आधी कळे. बाकी सगळे विचारत, कोणता रस्ता चालू आहे. बंद रस्त्याची चौकशी करणारे ते एकटेच.

त्या वर्षांत तुम्ही वर्ध्यात असाल तर तुम्हीही त्यांना पाहिले असेल. काळी टोपी, घोट्याशी सुतळीने आवळलेले धोतर, आणि सायकलच्या हँडलला उजवीकडे तारेने बांधलेला दाढीचा गोल आरसा. वय चाळीस-बेचाळीस. कचेरीत ते नकलनवीस होते. दस्तऐवजांच्या नकला करीत. राहायला बोरगाव मेघेला. तिथून कचेरीपर्यंत रस्त्यावरची माणसे त्या आरशाकडे बघून ठरलेली थट्टा करीत. “काय भाऊ, भांग पाडत पाडत चालले का?” ते मान हलवून हसत. थट्टा त्यांना ऐकू आली होती की समोरच्याचे हसणे पाहून ते हसले, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

पहिले दोन महिने मी त्यांना ठेकेदाराचा माणूस समजत होतो. मग सेलूच्या रस्त्यावरच्या एका पोलीस शिपायाने मला हकीकत सांगितली. नाल्यावरच्या रपट्याचे, म्हणजे ठेंगण्या पुलाचे, काम चालू होते. आडवा बांबू लावून ‘रस्ता बंद’ अशी पाटी टांगली होती. हे गृहस्थ आले, सायकलवरून उतरले, बांबू उचलला, सायकल आत घेतली, बांबू जागेवर ठेवला आणि निघाले.

“वाचता येत नाई का?” शिपाई ओरडला. दोनदा ओरडला. शेवटी पुढे जाऊन हँडल धरले.

“येते नं,” ते म्हणाले. “वाचूनच आलो.”

शिपायाने हँडल सोडले तसे ते तीन मैल रिकाम्या रस्त्यावर गेले, काम चालले होते तिथून परत फिरले, बांबू पुन्हा नीट लावला आणि शिपायाला रामराम केला. “चोरीचं म्हनाव त काई नेलं नाई,” शिपाई मला म्हणाला. “मले आजवर समजलं नाई, त्यायनं केलं काय.”

मलाही समजले नाही. पुढच्या गुरुवारी मी विचारले, तुम्ही बंद रस्त्यावर कशाला जाता? ते म्हणाले, “हो, संपादक साहेब.” मी संपादक नाही, असे मी सांगितले. “बरं, बरं, संपादक साहेब,” ते म्हणाले आणि निघून गेले.

उलगडा त्यांच्या पत्नीने केला. बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन त्याच खिडकीशी आल्या.

“तुमीच का ते रस्ते सांगनारे?”

मी होय म्हटले.

“मंग बराबर सांगत जा, भाऊ. गेल्या खेपेले तुमी सांगतलं बंद हाय, अन् दोन मोटरी आल्या यायच्या मांगून.” त्यांनी आवाज खाली आणला. “यायचा डावा कान गेला. उजवा बी जाऊन राह्यला. मांगून भोंगा वाजला त यायले मालूमच पडत नाई. मी म्हनलं, सायकल सोडा. तर म्हनते, आधी तुले सोडीन.”

“मग?”

“मंग काय, म्या आरसा बांधला. कचेरीत बोलू नका कोनापाशी.”

कचेरीत न बोलण्याचे कारण मला नंतर कळले. नक्कल मुळाशी ताडून पाहताना एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा ऐकत ऐकत नकलेवर नजर ठेवतो. ते नेहमी वाचणारे होत. “माझा आवाज साफ हाय,” असे सांगून दुसऱ्याला ऐकायला बसवीत. असे त्यांचे वर्षभर निभावले होते.

पत्नीने सांगितले हे त्यांना कळले असावे. पुढच्या गुरुवारी ते पहिल्यांदा आत आले आणि माझ्या बरोबर समोर बसले. समोर बसले की त्यांना बरेच समजे, ओठांवरून.

“आरशात बी दिसत नाई,” ते म्हणाले. “खडीचा रस्ता. मांगचं सारं हालते. मोटर हाय का झाड हाय, पाहत राहा. पुढचं मले दिसते, साहेब. मांगचाच वांधा हाय.”

“आणि मागून बैलगाडी आली तर?”

“बैलगाडी कोनाच्या मांगून येते का? मीच तिच्या मांगून जातो.”

मग त्यांनी मला बाहेर नेले, सायकलचे मागचे चाक उचलले आणि पायडलला एक झटका दिला. चाक फिरू लागले. ते वाकले आणि उजवा कान चाकाच्या मध्याजवळ नेला. मलाही वाकायला सांगितले. फ्रीव्हीलची टिकटिक चालू होती. चाक मंदावले तशी ती विरळ झाली आणि थांबली.

“हे मले अजून ऐकू येते,” ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे असे होते. वर्ध्याच्या सपाट रस्त्यावर पायडल थांबवले की दहा-वीस टिकटिक होतात, मग पुन्हा पाय चालवावे लागतात. आर्वीच्या पुढे, तळेगावजवळच्या घाटात दोन मैल उतार आहे. तिथे पाय हलवावा लागत नाही. दोन मैल नुसती टिकटिक. ते तरुणपणी तिथून उतरले होते, तेव्हा त्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. आता द्यायचे होते. डॉक्टरने उजव्या कानाला साल-दीड सालाची मुदत दिली होती.

“मग जाऊन या की.”

“गेलतो नं. कापसाचे ट्रकच ट्रक. कान ट्रककडे ठेवू का याच्याकडे?” त्यांनी चाकावर हात ठेवला. “एकच कान हाय, साहेब. एकच काम करते.”

म्हणजे त्यांना हवे होते ते एवढेच: कान आहे तोवर, तो घाट एकदा, मोटारींशिवाय. घाट मात्र कधीच बंद होत नव्हता. तो मोठ्या रस्त्यावर होता. बारीकसारीक दुरुस्त्या वाहतूक चालू ठेवूनच होत. मी तसे सांगितले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले आणि मान डोलावली.

आता माझा भाग.

त्यांनी एके दिवशी एक कॅलेंडर आणले. औषधाच्या कंपनीचे, गेल्या सालचे. कानाच्या डॉक्टरने दिलेले. एका पानावर बर्फाचे डोंगर होते, डोंगरातून वळणे घेत गेलेला काळाभोर रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर एकच सायकलस्वार होता. मागे-पुढे एकही गाडी नव्हती. चित्राखाली परक्या भाषेत एक ओळ होती.

“हे काय लिवलं हाय? कचेरीतल्या साहेबायनं वाचून पाह्यलं. म्हनते, हे इंग्रजी नाई.”

ती जर्मन होती. आमच्या कार्यालयाच्या कपाटात आधीच्या एका संपादकाने सोडून गेलेला जर्मन-इंग्रजी कोश होता. मी तो काढला. पहिल्या अक्षराची पाने वाळवीने खाल्लेली होती, बाकी धड होती. मी ओळ एका प्रुफाच्या पाठीवर उतरवून घेतली आणि शब्द शोधले. एका शब्दाचा अर्थ निघाला ‘तुंबलेला, बंद’. एका शब्दाचा निघाला ‘मोकळा’. तिसरा शब्द जोडशब्द होता. त्याचा नंतरचा अर्धा भाग म्हणजे ‘रस्ते’. आधीचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेल्या अक्षराचा होता. तो मी सोडून दिला. वर्तमानपत्रात जागा कमी असते आणि अर्धा शब्द सोडायची सवय लागते.

रस्ते बंद. रस्ते मोकळे. वर चित्र: एक सायकलवाला, मोटार नाही. यावरून मी अर्थ लावला, की तिकडे रस्ते मोटारींना बंद करून सायकलींना मोकळे ठेवतात. तुम्हीही तोच लावला असता, असे मला वाटते. ते मी त्यांना सांगितले.

“तिकडे बंद करते?” त्यांनी दोनदा विचारले. “सायकलीसाठी?”

त्या शुक्रवारी पानाच्या तळाशी दीड इंच जागा उरली होती. ‘देशोदेशीचे’ या मथळ्याखाली मी चार ओळी दिल्या: जर्मनीच्या डोंगराळ भागात वर्षातून एक दिवस घाटरस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांसाठी मोकळे ठेवण्यात येतात. ‘वर्षातून एक दिवस’ हे शब्द कुठून आले ते मला आता सांगता येत नाही. बहुधा ओळ भरेना म्हणून.

त्यांनी ते कात्रण काढले आणि बांधकाम खात्याला अर्ज केला. नकलनवीसाचे अक्षर ते. असा देखणा अर्ज त्या खात्यात आधी गेला नसेल. तळेगावजवळचा घाट, जर्मन देशातील चालीप्रमाणे, वर्षातून एक दिवस मोटारींसाठी बंद ठेवावा. सोबत छापील पुरावा जोडला आहे. सगळे नेमके होते. फक्त विषयाच्या ओळीत त्यांनी कचेरीच्या सवयीने थोडक्यात लिहिले: ‘घाट बंदबाबत.’

खात्यातल्या कारकुनाने विषय वाचला आणि उत्तर पाठवले. ‘सदर घाट बंद नसून वाहतूक सुरळीत चालू आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

ते उत्तर घेऊन माझ्याकडे आले. “याचा मतलब काय, साहेब? होय का नाई?”

त्यांनी दुसरा अर्ज केला: घाट चालू आहे हेच अर्जदाराचे गाऱ्हाणे आहे. खात्याने विचारले, घाट कोणी, कोणत्या तारखेस व कोणाच्या हुकुमाने बंद केला होता ते कळवावे. त्यांनी कळवले, की तो कोणीच कधीच बंद केलेला नाही. खात्याने ते उत्तर संशयास्पद मानले असावे. याच सुमारास वर्धा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. कागदांवरची जुनी नावे हाताने खोडून नवी लिहिली जात होती, फायली या गावाहून त्या गावी चालल्या होत्या. त्यांची फाईल नव्या साहेबापुढे गेली तेव्हा वरचे कागद कुठे राहिले कोण जाणे; आवरणावर शब्द होते ते एवढेच: ‘घाट बंद.’

एका बुधवारी माझ्या टेबलावर सूचना आली. सदर घाट वारंवार बंद असल्याच्या तक्रारीवरून मोऱ्यांची व कठड्यांची पाहणी करण्यात येणार असून, त्यासाठी पुढील मंगळवारी सकाळी आठ ते बारा घाट सर्व मोटार वाहतुकीस बंद राहील.

मी ती तीनदा वाचली. घाट बंद असल्याची चौकशी करायला ते घाट बंद करणार होते.

गुरुवारी ते खिडकीशी आले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी सूचना त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नकलनवीस वाचतो तशी वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग टोपी काढून पुन्हा घातली.

“तुमच्या त्या चार ओळीयनं झालं हे,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी रसायनशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक श्रद्धांजलीचा मजकूर द्यायला आले. विद्यार्थिदशेत ते जर्मन शिकले होते. माझ्या टेबलावर तो प्रुफाचा तुकडा होता. त्यांनी तो सहज उचलला, वाचला आणि हसले.

“हे कशाला उतरवून घेतलं? सर्दी झाली आहे का?”

मी म्हटले, का?

“श्वासाचे रस्ते बंद झाले असता आमचे थेंब घाला, रस्ते मोकळे होतील. नाकात घालायचं औषध आहे.”

मी जो अर्धा शब्द सोडला होता, तो ‘श्वास’ होता.

त्याच दुपारच्या बसने आम्ही आर्वीला निघालो. मी बरोबर येईन, असे आधीच ठरले होते. सायकल टपावर बांधली होती आणि प्रत्येक थांब्याला ते खाली उतरून ती पाहून येत. बसच्या आवाजात त्यांना काही सांगणे शक्य नव्हते. आर्वीत त्यांच्या साडूकडे मुक्काम होता. तिथे माणसे फार होती. मी सांगितले नाही.

मंगळवारी सकाळी पहिल्या बसने आम्हाला घाटाच्या पायथ्याशी उतरवले. थंडी होती. आठ वाजता खात्याच्या दोन माणसांनी रस्त्यावर आडवी दोरी बांधली, तिला लाल फडके लावले आणि ‘रस्ता बंद’ची पाटी अडकवली. वरून येणाऱ्या मोटारी पलीकडच्या गावातच अडवल्या होत्या. कापसाचा पहिला ट्रक दोरीशी येऊन थांबला. ओव्हरसिअर कागदांचा पुठ्ठा घेऊन उभा होता.

“ती घाटाची तक्रार करणारे तुम्हीच का?” त्याने विचारले. “घाट बंद होता असं तुमचं म्हणणं आहे?”

“हो, बंदच पाह्यजे,” ते म्हणाले.

“कधी बंद होता?”

“आज.”

“आज तर मी बंद केला!”

“मेहरबानी हाय तुमची,” ते म्हणाले आणि हात जोडले.

ओव्हरसिअरने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राचा माणूस, हे कळल्यावर त्याने पुढे विचारले नाही. पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिले. मी वाकून वाचले: ‘अर्जदार समाधानी.’

“सायकल नेता येईल का वर?” मी विचारले.

त्याने हुकूम काढून वाचला. “मोटार वाहतुकीस बंद, असं आहे. सायकलबद्दल काही नाही. जा.”

म्हणजे रस्ता मोटारींना बंद होता आणि सायकलीला मोकळा होता. मी चार ओळींत जे खोटे छापले होते, ते त्या मंगळवारी आठ ते बारा, त्या दोन मैलांपुरते खरे होते.

चढ त्यांनी सायकल हातात धरून चढला, मी बरोबर होतो म्हणून. दोन्ही बाजूंना सागाची पाने वाळून खडखडीत झाली होती. रस्त्यावर कोणी नव्हते. मोठा रस्ता पूर्ण रिकामा असतो तेव्हा कसा दिसतो, हे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. तो आहे त्याच्या दुप्पट रुंद दिसतो. ते रस्त्याच्या मधोमध चालत होते. मोऱ्यांच्या कठड्यांना थांबून हात लावत होते.

दुसऱ्या वळणावर मी त्यांना सांगितले. त्या ओळीचा अर्थ मी चुकीचा लावला. ती नाकाच्या औषधाची जाहिरात आहे. तिकडे असे रस्ते बंद ठेवत असतील किंवा नसतील. मला माहीत नाही. मी छापले ते चूक होते. एवढे सगळे मी सलग बोललो.

त्यांची नजर रस्त्यावर होती. “बरं, बरं,” ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो की उजव्या, हे मला आजही नक्की आठवत नाही. इतर गोष्टी आठवतात. दोरी, लाल फडके, पुठ्ठ्यावरचे दोन शब्द. हे आठवत नाही. थांबून, समोर उभे राहून पुन्हा सांगता आले असते. मी थांबलो नाही.

माथ्यावर पोचल्यावर त्यांनी हँडलची तार उलगडली आणि आरसा माझ्या हातात दिला.

“धरा हे. आज मांगं कोनी नाई.”

ते सायकलवर बसले, एक पाय जमिनीवर ठेवून थोडा वेळ थांबले आणि पाय उचलला. पायडल मारले नाही. उतारानेच सायकल ओढून घेतली. फ्रीव्हीलची टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती. आधी सुटी सुटी, मग जवळजवळ, मग एकच सलग आवाज. त्यांनी मान उजवीकडे, खाली चाकाकडे कलती केली होती. समोर पाहत नव्हते. पहिल्या वळणाला ते दिसेनासे झाले. आवाज त्यानंतरही काही वेळ येत राहिला. मी आरसा हातात घेऊन उभा होतो. त्यात माझ्या मागचा रिकामा रस्ता दिसत होता.

बऱ्याच वेळाने मी चालत खाली आलो तेव्हा बारा वाजत आले होते. ते मैलाच्या दगडावर बसले होते. सायकल बाजूला आडवी. त्यांच्या पाठीमागे, दोरीपलीकडे, ट्रकांची रांग लागली होती. सगळे भोंगे वाजवत होते. दोरी सोडणारा माणूस कानांवर हात ठेवून ओव्हरसिअरची वाट पाहत होता. ते मागे वळून पाहत नव्हते.

मी समोर जाऊन उभा राहिलो. “ऐकू आलं?”

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. त्यांचा चेहरा हसरा होता असे म्हणता येईल, पण मी शपथेवर म्हणणार नाही.

“सारं बंद होतं, साहेब,” ते म्हणाले.

तेवढ्यात दोरी सुटली आणि पहिला ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. मी त्यांना हाताला धरून बाजूला घेतले. बातमीदाराने दुसरा प्रश्न विचारायचा असतो, हे मी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवीत असे. सारं बंद, म्हणजे रस्ता? की कान? मी विचारले नाही. त्या शुक्रवारी मी बातमी दिली, की घाट मंगळवारी आठ ते बारा बंद होता व पाहणी समाधानकारक झाली. चार ओळींची दुरुस्ती लिहून तयार होती. ती छापायला दिली नाही. त्याचे कारण मला तेव्हा ठरवता आले नाही, आताही येत नाही.

त्यानंतर गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. आरसा माझ्या टेबलाच्या खणात राहिला. कचेरीत चौकशी केली तेव्हा कळले, की नक्कल ताडताना त्यांना ऐकायला बसवले गेले, आणि तीन कागद ताडून झाल्यावर ते स्वतःच उठले व रजेचा अर्ज देऊन गेले. आष्टीला सासरच्या गावी गेले, असे एकाने सांगितले.

वर्षभराने आष्टीच्या बाजाराची बातमी करायला गेलो तेव्हा आरसा बरोबर घेतला. घर सापडायला वेळ लागला नाही. “ते पायडल न मारनारे का?” असे विचारून एकाने दाखवले. गावातल्या उतारावरून ते पाय न हलवता, मान वाकडी करून येत, असे तो म्हणाला. आताशा सायकल बंद होती.

त्यांच्या पत्नी अंगणात दाणे निवडत होत्या. “या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “रस्ते सांगनारे. पन आता यायले समोर बसूनच सांगा लागते.”

“उजवा कान?”

“गेला. कवा गेला ते बी यायनं सांगतलं नाई. मी पुसलं त म्हने, काऊन पुसतं, तुह्या बोलन्याचा तरास गेला.” त्या हसल्या, मग सूप हलवू लागल्या.

ते ओसरीवर मांडी घालून लोकांचे अर्ज लिहीत बसले होते. अक्षर तसेच होते. मला पाहून त्यांनी जागा करून दिली. मी आरसा पुढे केला. त्यांनी त्यात स्वतःचे तोंड पाहिले नाही. हँडलवर असे तसा तो उजवीकडे तिरपा धरला आणि मागचे पाहिले. मागे भिंत होती. भिंतीवर ते बर्फाच्या डोंगरांचे चित्र काचेत बसवून टांगले होते. रस्ता होता, एकटा सायकलवाला होता. खालची ओळ नव्हती. चित्राच्या कडेला ती सरळ कापलेली होती.

“ती ओळ कुठे गेली?” मी त्यांच्या पत्नीला विचारले.

“फ्रेमवाल्यानं कापली असन. का यायनंच. काय मालूम,” त्या म्हणाल्या. “त्याच्यात काय होतं असं?”

“काही नाही,” मी म्हटले.

त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि अर्धवट अर्ज पुढे ओढला. लिहू लागले. थोड्या वेळाने मला एक बारीक आवाज येऊ लागला. मी आधी घड्याळ शोधले. ओसरीत घड्याळ नव्हते. आवाज त्यांच्या तोंडातून येत होता. जीभ टाळूला लावून ते टिकटिक करीत होते. सलग, भरभर, एकसारखी. ओठ जेमतेम हलत होते.

“हे कधीपासून?” मी विचारले.

“ते व्हय?” त्या म्हणाल्या. “लिवाले बसले का करतेत. आपन करतो हे यायले ठाऊक बी नसन. घाटातून आल्यापासून हाय का पयलेपासून, म्या ध्यान देल्लं नाई, भाऊ.”

ते लिहीत होते. पान संपत आले तशी टिकटिक हळू झाली. सुटी सुटी झाली. शेवटची ओळ लिहून त्यांनी अर्जदाराच्या अंगठ्यासाठी जागा मोकळी सोडली. आणखी दोन झाल्या, मग एक. आणि थांबली.